ज्यू शाळेत अकरावीला प्रवेश कोणाला मिळतो? अल्पसंख्याक कोट्याचं गणित समजून घ्या

दहावीचा निकाल लागला की पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत घराघरांत एकच विषय असतो, अकरावी कुठे? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कट-ऑफच्या याद्या फिरतात. कुणी सांगतं, 'अल्पसंख्याक कोट्यातून टाका, लगेच मिळतं.' कुणी विचारतं, 'पण तो कोटा आपल्यासाठी आहे का?'

हा कोटा नेमका कसा चालतो हे समजून घ्यायचं असेल, तर राज्यातल्या सगळ्यात लहान अल्पसंख्याक समाजांपैकी एकाचं उदाहरण उपयोगी पडतं. तो म्हणजे ज्यू समाज. ज्यू शाळेत फक्त ज्यू मुलांना प्रवेश मिळतो का? पिंपरीत राहणाऱ्या ज्यू विद्यार्थ्याला कोणत्या कॉलेजात कोटा मिळेल? आणि आई-वडिलांची नोकरी लंडनला गेली, तर तिथल्या ज्यू शाळेच्या 'सिक्स्थ फॉर्म'साठी अर्ज कसा करायचा? एकेक प्रश्न घेऊया.

महाराष्ट्रात ज्यू शाळा आहेत का?

आहेत, पण मुंबईत. महाराष्ट्रातले बहुतेक ज्यू हे 'बेने इस्रायल' समाजाचे. शेकडो वर्षांपासून कोकणात राहिलेले, घरात मराठी बोलणारे. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, काम बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची आडनावंही गावांवरून आलेली आहेत. किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर.

याच समाजातल्या हाईम सॅम्युअल किहीमकर यांच्या पुढाकारातून १८७५ साली मुंबईत 'इस्रायलाइट स्कूल' सुरू झालं. पुढे बगदादी ज्यू उद्योजक सर एली कदुरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचं नाव मिळालं. माझगावची 'सर एली कदुरी' शाळा ती हीच. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या आणि १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन यांनी १९२२ ते १९५० या काळात या शाळेचं मुख्याध्यापकपद सांभाळलं.

१९४८ नंतर समाजातली बहुसंख्य कुटुंबं इस्रायलला गेली. वर्गात ज्यू मुलं कमी होत गेली, पण शाळा बंद पडली नाही. आज मुंबईतल्या ज्यू संस्थांच्या शाळांमध्ये शिकणारी बहुतांश मुलं आसपासच्या वस्तीतली मुस्लिम मुलं आहेत. कोलकात्याच्या ज्यू गर्ल्स स्कूलमध्येही हेच चित्र आहे.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. ज्यू शाळा म्हणजे ज्यू संस्थेने चालवलेली शाळा. तिथे फक्त ज्यू मुलंच शिकू शकतात, असा त्याचा अर्थ नाही.

ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा कधी मिळाला?

केंद्र सरकारच्या यादीत सहा धार्मिक अल्पसंख्याक समाज आहेत. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. या यादीत ज्यू नाहीत.

महाराष्ट्र सरकारने मात्र जून २०१६ मध्ये ज्यूंना राज्यापुरता अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे महाराष्ट्रात ही यादी सातची होते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ज्यूंची संख्या पाच हजारांहूनही कमी होती आणि त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात होते.

राज्य वेगळं ठरवू शकतं का? सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ च्या टी. एम. ए. पै फाउंडेशन प्रकरणात सांगितलं की, शिक्षणसंस्थांच्या बाबतीत अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरवायचं. म्हणूनच महाराष्ट्रात मराठी सोडून इतर मातृभाषा असणारे भाषिक अल्पसंख्याक ठरतात. सिंधी, गुजराती, हिंदी, तमिळ, मल्याळम, कन्नड असे. दुसऱ्या राज्यात हीच यादी बदलते.

संविधानाचं कलम ३० धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. त्याच वेळी कलम २९(२) सांगतं की, सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणाला प्रवेश नाकारता येणार नाही. या दोन कलमांचा मेळ घालताना 'काही जागा स्वतःच्या समाजासाठी, बाकी सगळ्यांसाठी' ही पद्धत पुढे आली. अकरावीचा अल्पसंख्याक कोटा त्यातलाच.

कोटा नेमका किती आणि कोणासाठी?

२०२५-२६ पासून संपूर्ण महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश एकाच ऑनलाइन पोर्टलवरून होऊ लागले. त्या वर्षीच्या नियमांनुसार तीन कोटे आहेत.

• अल्पसंख्याक कोटा: ५० टक्के. हा फक्त अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थांच्या कॉलेजात असतो.
• इनहाउस कोटा: १० टक्के. त्याच संस्थेच्या जोडलेल्या शाळेतून दहावी झालेल्यांसाठी.
• व्यवस्थापन कोटा: ५ टक्के.

उरलेल्या जागा केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, म्हणजे 'कॅप'मधून, गुणवत्तेनुसार भरल्या जातात.

उदाहरण घेऊया. एका अल्पसंख्याक कॉलेजात विज्ञान शाखेच्या १२० जागा आहेत असं समजा. त्यातल्या ६० अल्पसंख्याक कोट्याच्या, १२ इनहाउसच्या, ६ व्यवस्थापनाच्या. उरल्या ४२. या ४२ जागांसाठी कोणत्याही धर्माचा, कोणत्याही भाषेचा विद्यार्थी कॅपमधून अर्ज करू शकतो. आता ६० पैकी फक्त १५ जागांवर त्या समाजाचे विद्यार्थी आले, तर बाकीच्या ४५ जागा कॉलेजला कॅपकडे परत करता येतात. याला 'जागा सरेंडर करणं' म्हणतात. अशा जागांमुळे नंतरच्या फेऱ्यांमध्ये चांगल्या कॉलेजचा कट-ऑफ कधीकधी अचानक खाली येतो.

अल्पसंख्याक संस्थांमधल्या अशा जागांना अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी वगैरे सामाजिक आरक्षण लागू करावं का, यावर २०२५ मध्ये वाद झाला. संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने अल्पसंख्याक कॉलेजांपुरती या आरक्षणाला स्थगिती दिली.

सगळ्यात मोठा गैरसमज कोणता?

'मी अल्पसंख्याक आहे, म्हणजे कोणत्याही अल्पसंख्याक कॉलेजात मला कोटा मिळेल.' हे चूक आहे.

कोटा त्या संस्थेच्या समाजापुरता असतो. मुस्लिम अल्पसंख्याक संस्थेच्या कॉलेजात कोटा मुस्लिम विद्यार्थ्यांना, सिंधी भाषिक संस्थेत सिंधी मातृभाषा असणाऱ्यांना, ख्रिश्चन संस्थेत ख्रिश्चन विद्यार्थ्यांना. पुण्यातली दोन उदाहरणं बघा. पूना कॉलेज मुस्लिम अल्पसंख्याक संस्थेचं आहे, तर सेंट मीराज सिंधी भाषिक अल्पसंख्याक संस्थेचं. सिंधी विद्यार्थिनीला पूना कॉलेजात अल्पसंख्याक कोटा लागू होत नाही आणि मुस्लिम विद्यार्थिनीला सेंट मीराजमध्ये नाही. दोघींनाही दुसऱ्या कॉलेजात कॅपमधून मात्र गुणवत्तेवर प्रवेश मिळू शकतो.

ज्यू विद्यार्थ्यासाठी हा नियम फार महत्त्वाचा ठरतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात ज्यू संस्थेचं कनिष्ठ महाविद्यालय नाही. पुण्यात ज्यूंच्या खुणा ठळक आहेत. कॅम्पातलं लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, रास्ता पेठेतलं सुक्कथ श्लोमो सिनेगॉग, डेव्हिड ससून यांच्या कुटुंबाच्या देणगीतून उभं राहिलेलं ससून रुग्णालय. पण अकरावीसाठी इथे कोट्याचा दरवाजा नाही. पिंपरीतल्या ज्यू मुलाकडे अल्पसंख्याक दर्जाचा कागद असला, तरी अर्ज भरताना तो बहुतेक वेळा खुल्या प्रवर्गातल्या इतर मुलांसारखाच गुणांवर अवलंबून असतो.

चाकणमधल्या विद्यार्थ्यांसाठी काय बदललं?

२०२५ पूर्वी ऑनलाइन केंद्रीय प्रवेश फक्त काही महापालिका क्षेत्रांत होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड त्यात होतं. चाकण खेड तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर. त्यामुळे भोसरीच्या मुलाला ऑनलाइन अर्ज करावा लागे आणि काही किलोमीटरवरच्या चाकणमधल्या मुलाला थेट कॉलेजात जाऊन फॉर्म भरता येई.

आता चाकण, राजगुरुनगर, आळंदी, तळेगाव या सगळ्या ठिकाणी तेच एक पोर्टल. राज्यभरातली ९ हजारांहून अधिक कॉलेजं आणि २० लाखांहून अधिक जागा एकाच यादीत आल्या. 'कॉलेजात ओळख आहे, नंतर जाऊन बघू' हा जुना मार्ग बंद झाला.

याचा सगळ्यात जास्त फटका बाहेरून आलेल्या कामगार कुटुंबांना बसू शकतो. चाकण एमआयडीसीत काम करणाऱ्या अनेकांची मातृभाषा हिंदी, कन्नड, तमिळ किंवा मल्याळम आहे. भाषिक अल्पसंख्याक कोट्याचा त्यांना फायदा होऊ शकतो, पण त्यांच्या भाषेची संस्था असलेलं कॉलेज शोधलं आणि वेळेत अर्ज केला तरच. शिवाय ते कॉलेज पुण्याच्या मध्यभागी असेल, तर रोज नाशिक रस्त्याच्या कोंडीतून जायचं आहे हेही घरात आधीच बोलून घ्यायला हवं. पिंपरी ते स्वारगेट मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे, पण चाकणहून मेट्रोपर्यंत पोहोचण्यासाठी आधी बसच पकडावी लागते.

कोट्यातून अर्ज कसा करायचा?

२०२५-२६ च्या पद्धतीनुसार टप्पे असे होते.

१. पोर्टलवर नोंदणी करून लॉगिन तयार करायचं. नोंदणी शुल्क १०० रुपये. मोबाइल क्रमांक पालकांचा आणि कायम चालू असणाराच द्यावा, कारण सगळे निरोप त्यावरच येतात.

२. अर्जाचा भाग एक भरायचा. वैयक्तिक माहिती, दहावीचे गुण, प्रवर्ग, धर्म, मातृभाषा. ही माहिती पुढे कोट्यासाठी वापरली जाते. इथे मातृभाषा 'मराठी' अशी नोंदवली आणि नंतर भाषिक कोटा मागितला, तर अडचण येते.

३. कोट्यातून प्रवेश हवा असेल तर त्याच लॉगिनमधून कोट्याचा पर्याय निवडून संबंधित कॉलेजांसाठी पसंती द्यायची. कॉलेज गुणवत्ता यादी लावतं. यादीत नाव आलं की मूळ कागदपत्रं घेऊन कॉलेजात जाऊन प्रवेश निश्चित करायचा.

४. कॅपसाठी अर्जाचा भाग दोन भरायचा. त्यात किमान १ आणि कमाल १० कॉलेजं पसंतीक्रमाने देता येतात.

कोट्यासाठी अर्ज केला म्हणून कॅपचा मार्ग बंद होत नाही. पण कोट्यातून प्रवेश निश्चित केला की कॅपच्या फेऱ्यांमध्ये भाग घेता येत नाही. आधी तो प्रवेश रद्द करावा लागतो. त्यामुळे 'सध्या घेऊन ठेवू' असा निर्णय घाईत घेऊ नये.

कोणती कागदपत्रं लागतात?

दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड ही मूळ तीन. आरक्षण घ्यायचं असेल तर जातीचा दाखला आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर.

अल्पसंख्याक कोट्यासाठी सगळ्यात कामाचा कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर धर्म आणि मातृभाषा लिहिलेली असते. दाखल्यावर ही नोंद नसेल, तर पालकांचं स्वयंघोषणापत्र किंवा प्रतिज्ञापत्र लागू शकतं. कोणता नमुना चालेल हे त्या कॉलेजच्या प्रवेश विभागात निकालाआधीच विचारून ठेवावं.

बेने इस्रायल कुटुंबांनी दाखला नीट वाचून घ्यायला हवा. आडनाव मराठी वळणाचं, घरची भाषा मराठी. दाखला लिहिताना शाळेत धर्माच्या रकान्यात गफलत होऊ शकते. विद्यार्थी शाळेत असतानाच ही नोंद तपासणं सोपं असतं. दाखला हातात आल्यानंतर दुरुस्तीला वेळ जातो आणि प्रवेशाच्या फेऱ्या थांबत नाहीत.

पण 'ज्यू कोण' हे ठरवतं कोण?

हा प्रश्न वरवर साधा वाटतो, पण त्यावरून देशोदेशी वाद झालेत.

बेने इस्रायल समाजाने तो स्वतः सोसला आहे. इस्रायलला गेल्यावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. समाजाने आंदोलन केलं. अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत असं स्पष्ट केलं.

शाळा प्रवेशाच्या बाबतीत गाजलेलं प्रकरण लंडनचं. १७३२ पासूनचा इतिहास असलेल्या 'जेएफएस' या सरकारी अनुदानित ज्यू शाळेने एका मुलाला प्रवेश नाकारला. मुलाच्या आईने ज्यू धर्म स्वीकारला होता, पण तो ज्या पंथाच्या पद्धतीने स्वीकारला, ती शाळेला मार्गदर्शन करणाऱ्या धर्मगुरूंच्या कार्यालयाला मान्य नव्हती. डिसेंबर २००९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की, आईच्या वंशावरून मुलाचं ज्यू असणं ठरवणं हा वांशिक भेदभाव आहे. त्यानंतर तिथल्या ज्यू शाळांनी निकष बदलला. आई कोण हे न बघता, कुटुंब धर्म पाळतं का हे बघितलं जाऊ लागलं. सिनेगॉगमधली उपस्थिती, धार्मिक शिक्षण अशा गोष्टींची नोंद असलेलं प्रमाणपत्र मागितलं जातं.

महाराष्ट्रात प्रवेश देणारं कॉलेज धर्म पाळण्याची परीक्षा घेत नाही. इथे दाखल्यावरची नोंद बोलते.

लंडनच्या ज्यू शाळेत 'सिक्स्थ फॉर्म'ला अर्ज करायचा असेल तर?

वाहन आणि आयटी कंपन्यांमुळे या पट्ट्यातली अनेक कुटुंबं इंग्लंडला जातात. मूल दहावीच्या वयाचं असेल, तर पुढचा टप्पा सिक्स्थ फॉर्म. म्हणजे आपली अकरावी-बारावी. वय साधारण १६ ते १८. यात सहा-सात विषय नसतात. बहुतेक मुलं तीन 'ए लेव्हल' विषय घेतात, काही चार.

• अर्ज कुठे? बहुतेक शाळांत थेट शाळेकडे. आपल्यासारखं एकच पोर्टल नाही, त्यामुळे दोन-तीन शाळांना वेगवेगळे अर्ज करता येतात.

• कधी? प्रवेशाच्या आदल्या हिवाळ्यात. मुलाची परीक्षा व्हायच्या आधी. शाळा अटींसह जागा देऊ करते आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात 'जीसीएसई'चा निकाल लागला की प्रवेश पक्का होतो. निकाल लागल्यावर शोध सुरू करायची आपली सवय तिथे महागात पडते.

• गुण किती? जीसीएसईला ९ ते १ अशा ग्रेड असतात, ९ सर्वोच्च. शाळा एकूण किती विषयांत किती ग्रेड हवी हे सांगते. शिवाय जो विषय घ्यायचा, त्यात वेगळी अट असते. गणित, भौतिकशास्त्रासाठी ती सहसा जास्त असते. एसएससी किंवा सीबीएसईचे गुण कसे धरायचे हे शाळा ठरवते, म्हणून गुणपत्रिका आधीच पाठवावी.

• मुलाखत असते का? सरकारी शाळांसाठीच्या प्रवेश संहितेनुसार विषय निवडीबद्दल भेट घेता येते, पण त्या भेटीवरून प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवता येत नाही.

• ज्यू नसलेल्या मुलाला प्रवेश मिळतो का? हो, मिळू शकतो. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तरच धर्माच्या आधारे प्राधान्य देता येतं. जागा रिकाम्या असतील तर शैक्षणिक अट पूर्ण करणाऱ्या मुलाला धर्माच्या कारणाने परत पाठवता येत नाही. मात्र बहुतेक ज्यू शाळांत ज्यू धर्माचा अभ्यास वेळापत्रकात असतो, जेवण कोशर असतं आणि हिवाळ्यात शुक्रवारी शाळा लवकर सुटते, कारण सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो.

• व्हिसा? पालकांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबित म्हणून गेलेलं मूल सरकारी शाळेत शिकू शकतं. विद्यार्थी व्हिसावर सरकारी शाळेत प्रवेश मिळत नाही, त्यासाठी खासगी शाळा लागते.

प्रवेश हातचा घालवणाऱ्या चुका

• पहिल्या पसंतीला 'बघू तरी' म्हणून कॉलेज टाकणं. २०२५-२६ च्या नियमांनुसार पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. पहिला क्रमांक त्याच कॉलेजला द्या, जिथे मिळाल्यास नक्की जाणार आहात.

• कॉलेजच्या नावावरून अल्पसंख्याक दर्जा गृहीत धरणं. एखाद्या संताचं किंवा समाजाचं नाव असलं म्हणजे दर्जा असतोच असं नाही. पोर्टलवर कॉलेजच्या माहितीत कोणत्या समाजाचा दर्जा आहे ते बघा.

• फी न बघणं. एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्या असू शकतात. दोन्हींच्या फीमध्ये मोठा फरक असतो आणि पसंती देताना कोड वेगळे असतात.

• कोट्याची तारीख चुकवणं. कोट्याचे प्रवेश पहिल्या नियमित फेरीच्या आधीच, 'शून्य फेरी'त सुरू होतात.

• एजंटला लॉगिन देणं. पासवर्ड ज्याच्या हातात, पसंतीक्रम त्याच्या हातात.

नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका भाग एक भरण्याआधीच वाचून घ्यावी. आणि पुढच्या वर्षी मूल दहावीत जाणार असेल, तर आजच शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली धर्म आणि मातृभाषेची नोंद बघून या. पाच मिनिटांचं काम आहे, पण दाखल्यावर उतरतं ते तिथूनच.